अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनचा लाइफटाइम मोजायचाय? फॉइलपासून फिटपर्यंत सगळं

बीमटाइम, म्हणजे अॅक्सिलरेटरवर हातात येणारा वेळ, मिळतो तीन-चार दिवसांचा, त्यातले पहिले कित्येक तास मशीन स्थिरावण्यात जातात, आणि उरलेल्या वेळात जे काउंट्स हाती लागतात त्यांच्यावर पुढे वर्षभर आकडेमोड चालते. त्यामुळे जे नवीन पीएचडीला लागलेत आणि पहिल्यांदाच आयनच्या उत्तेजित लेव्हलचा लाइफटाइम (ती लेव्हल सरासरी किती वेळ टिकते तो काळ) मोजायला निघालेत त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. लाइफटाइम बहुतेक वेळा फिटच्या, म्हणजे डेटावर सूत्र बसवायच्या, आधीच चुकलेला असतो. घड्याळ चुकीचं लावलं, किंवा लेव्हलमध्ये वरून कोण भर घालतंय ते बघितलं नाही, की कितीही सुंदर एक्स्पोनेन्शियल बसवा, येणारा आकडा त्या लेव्हलचा नसतोच.

आधी कागदावर अंदाज

मशीनकडे जायच्या आधी लाइफटाइम साधारण कुठल्या पट्टीत पडतोय ते काढा, कारण पद्धत त्यावरूनच ठरते. साध्या परवानगी असलेल्या ट्रान्झिशनचा हिशोब सोपा आहे. हायड्रोजनच्या २पी लेव्हलचा लाइफटाइम १.६ नॅनोसेकंद, आणि हायड्रोजनसारख्या (एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या) आयनमध्ये तो अणुक्रमांकाच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे एकदा आयनित हेलियममध्ये ०.१ नॅनोसेकंद, आणि निऑनपर्यंत पोचलात की ०.१६ पिकोसेकंद. इतका छोटा लाइफटाइम फॉइल सरकवून (ही पद्धत पुढे येते) मोजण्यात अर्थ नाही.

निषिद्ध ट्रान्झिशनचं मात्र वेगळं. हेलियमसारख्या (दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या) आयनची १एस२एस ट्रिप्लेट एस लेव्हल घ्या. ती ग्राउंडला, म्हणजे सगळ्यात खालच्या लेव्हलला, येते एम१ (चुंबकीय डायपोल) ट्रान्झिशनने, आणि तिचा रेट साधारण अणुक्रमांकाच्या दहाव्या घाताने वाढतो. म्हणून हीच लेव्हल साध्या हेलियममध्ये दोन तासांहून जास्त जगते, सहा इलेक्ट्रॉन गेलेल्या ऑक्सिजनमध्ये ९५६ मायक्रोसेकंद, आणि वीस इलेक्ट्रॉन गेलेल्या टायटॅनियममध्ये २६ नॅनोसेकंदांच्या आसपास. लेव्हल तीच, पण मोजायची यंत्रं तीन वेगवेगळी लागतात.

तिसरा प्रकार म्हणजे एकाच टर्ममधल्या फाइन स्ट्रक्चरच्या दोन लेव्हलमधली एम१ लाइन, सूर्याच्या कोरोनात दिसतात तशी. डब्लेट पी ३/२ वरून १/२ वर येत असेल तर एक झटपट हिशोब आहे: ९ अब्जाला तरंगलांबीच्या (नॅनोमीटरमधल्या) घनाने भागा, रेट दर सेकंदाला मिळतो. तेरा इलेक्ट्रॉन गेलेल्या लोखंडाची हिरवी लाइन ५३०.३ नॅनोमीटरला आहे, त्यावरून रेट येतो ६० च्या आसपास, म्हणजे लाइफटाइम साधारण १६.६ मिलिसेकंद. ही तीच लाइन जी २ सप्टेंबर २०२३ ला उडालेल्या आदित्य-एल१ वरचा कोरोनाग्राफ बघतो, आणि तिच्या तेजावरून कोरोनाची घनता-तापमान काढायचं तर हा रेट पक्का माहीत असावाच लागतो.

मग वाटणी अशी: काही पिकोसेकंद ते काही दहा नॅनोसेकंद असेल तर बीम-फॉइल, मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद असेल तर ईबिट म्हणजे इलेक्ट्रॉन बीमचा आयन ट्रॅप, आणि मिलिसेकंद ते सेकंद असेल तर स्टोरेज रिंग, जिच्यात आयन गोल फिरवत ठेवतात. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १४ यूडी आणि दिल्लीत आययूएसीला (इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटर) १५ यूडी पेलेट्रॉन अॅक्सिलरेटर आहे, त्यामुळे आपल्या बहुतेक लोकांचा पहिला संबंध बीम-फॉइलशी येतो, म्हणून तेच जास्त तपशिलात घेतो.

बीम-फॉइल: अंतर हेच घड्याळ

१९६३-६४ च्या सुमारास के आणि बॅशकिन या दोघांनी स्वतंत्रपणे ही पद्धत पुढे आणली आणि कल्पना इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर एवढंच का असं वाटतं. वेगात धावणारा आयन पातळ कार्बन फॉइलमधून जातो, आत इलेक्ट्रॉन झडतात, काही वरच्या लेव्हलला चढतात, आणि बाहेर पडल्यावर आयन निर्वात जागेत पळता पळता फोटॉन सोडतो. फॉइलपासून अमुक मिलिमीटरवर किती फोटॉन येतात ते मोजायचं. वेग माहीत असेल तर मिलिमीटरचे नॅनोसेकंद झाले.

फॉइल चार्ज स्टेटनुसार, म्हणजे आयनचे किती इलेक्ट्रॉन काढायचेत त्यानुसार, निवडा. थोडेच इलेक्ट्रॉन काढायचे असतील तर दर चौरस सेंटिमीटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम पुरते, जास्त झडवायचे तर त्याहून जाड लागते. १० मायक्रोग्रॅम म्हणजे जाडी साधारण ५० नॅनोमीटर, हातात धरायचा प्रश्नच नाही. काचेच्या पट्टीवर बाष्पीभवनाने बसवलेला कार्बनचा थर असतो, ती पट्टी तिरकी धरून डिस्टिल्ड पाण्यात अगदी सावकाश बुडवायची, थर सुटून पाण्यावर तरंगतो, तपकिरी-राखाडी साय आल्यासारखा, आणि मग खालून फ्रेम आणून एका कडेने उचलायची. घाई केली की कडेला सुरकुती पडते, आणि ती सुरकुती बीमच्या जागी आली तर त्या भागात फॉइल दुप्पट जाड. मी तर उचललेली प्रत्येक फ्रेम दिव्यासमोर धरून बघतो, भोक दिसलं की बाजूला ठेवतो, आणि एका रनसाठी लागतात त्याच्या तिप्पट तयार ठेवतो कारण बीमखाली त्या फाटतातच.

आता वेग. दर न्यूक्लिऑनला १ एमईव्ही ऊर्जा असेल तर वेग १३.९ मिलिमीटर दर नॅनोसेकंद, आणि पुढे ऊर्जेच्या वर्गमुळाने वाढतो. ४८ वस्तुमानाचा टायटॅनियम १०० एमईव्हीला घ्या: दर न्यूक्लिऑन २.०८ एमईव्ही, साध्या सूत्राने वेग २०.०५, आणि रिलेटिव्हिस्टिक सूत्राने २०.०२ मिलिमीटर दर नॅनोसेकंद. फरक फक्त ०.२ टक्के, पण सूत्र बरोबरच वापरा, फुकटात चूक कशाला ठेवायची. लक्षात ठेवायचा आकडा म्हणजे १ पिकोसेकंद = २० मायक्रोमीटर.

पण हा वेग फॉइलच्या आधीचा. फॉइलमध्ये ऊर्जा जाते, समजा २ एमईव्ही गेली, तर वेग १ टक्क्याने कमी झाला आणि लाइफटाइम सरळ १ टक्क्याने सरकला. स्टॉपिंग पॉवरच्या कोडमधून हा लॉस काढून घ्या, आणि फॉइलची जाडी लेबलवर लिहिलीये ती खरी मानू नका, अल्फा सोर्सने ऊर्जा-लॉस मोजून तपासा. शिवाय बीम पडत राहिला की फॉइल हळूहळू जाड होते, तिच्यावर कार्बन साचतो.

इथे माझा एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या एका रनमध्ये मी जवळचे पॉइंट आधी घेतले आणि क्रमाने दूर गेलो, अगदी शाळेतल्या ग्राफसारखं नीट. फिट उत्तम बसला आणि लाइफटाइम थिअरीपेक्षा बराच कमी आला. दोन दिवस कॅस्केड (वरच्या लेव्हलमधून पडणारी भर), ब्लेंड (एकाच पीकखाली लपलेली दुसरी लाइन) सगळं तपासलं आणि शेवटी लॉगबुकमध्ये पहिला पॉइंट परत घेतलेला सापडला, सहकाऱ्याने पहाटे सहज घेतला होता, त्याच जागी काउंट्स जवळपास पंधरा टक्क्यांनी कमी. फॉइल म्हातारी होत होती आणि तिची घट माझ्या डिकेमध्ये मिसळली होती. तेव्हापासून पॉइंटचा क्रम उलटासुलटा ठेवतो आणि दर तीन-चार पॉइंटनंतर एका ठरलेल्या जागी परत येतो. हे तुम्हीही करा, अगदी वेळ कमी असला तरी.

याच कारणाने नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळे पॉइंट सारख्याच आयनसंख्येवर आणणं, फक्त फॅरडे कपवर (बीमचा करंट मोजणाऱ्या कपवर) सोडू नका. कपमधला करंट म्हणजे आयनची संख्या गुणिले सरासरी चार्ज, आणि फॉइल जाड झाली की बाहेर पडणारे चार्ज स्टेट बदलतात. चांगला उपाय म्हणजे फॉइलच्याच गाडीवर बसवलेला दुसरा डिटेक्टर, जो फॉइलपासून कायम ठरावीक अंतरावर बघतो. तो मुख्य डिटेक्टरसारखाच प्रकाश बघत असल्याने फॉइलमधले बदल आपोआप भागले जातात.

फॉइल सरकवताना गाडी नेहमी एकाच दिशेने न्या, मागे जायचं असेल तर जास्त मागे जाऊन परत पुढे या, नाहीतर स्क्रूतला ढिलेपणा अंतरात शिरतो. शून्य अंतर कुठे आहे याची फार काळजी करू नका, एकाच एक्स्पोनेन्शियलला शून्य सरकलं तर फक्त उंची बदलते. डिटेक्टरच्या फटीची रुंदीही अशीच. फटीतून २ मिलिमीटरचा पट्टा दिसत असला तरी उतार बदलत नाही, जोवर पूर्ण पट्टा फॉइलच्या पुढे आहे तोवर. पट्ट्यात फॉइल आली की मात्र सगळं बिघडतं, तिथले पॉइंट निर्दयपणे काढून टाका. आणि फॉइलवरचा थेट प्रकाश डिटेक्टरला दिसणार नाही अशी आड लावा, कारण तिथे इतर लेव्हलचे एवढे फोटॉन सुटतात की त्यातले थोडे जरी विखरून आले तरी लांबच्या पॉइंटचं बॅकग्राउंड वाढतं.

एक खरी केस: हेलियमसारखा टायटॅनियम

वीस इलेक्ट्रॉन गेलेला टायटॅनियम घ्या आणि १एस२पी ट्रिप्लेट पी २ लेव्हल मोजायचीये असं समजा. तिचा लाइफटाइम ०.४ नॅनोसेकंदाच्या आसपास, म्हणजे १०० एमईव्हीला सुमारे ८ मिलिमीटर. अगदी सोयीचं अंतर. तिचा एक्स-रे येतो ४.७३४ केईव्हीला. शेजारी वर बघितलेली ट्रिप्लेट एस, ४.७०२ केईव्ही. मधलं अंतर ३२ ईव्ही, आणि तुमचा सिलिकॉन किंवा जर्मेनियम डिटेक्टर वेगळं करू शकतो ते दीड-दोनशे ईव्हीचं. म्हणजे स्पेक्ट्रममध्ये एकच पीक दिसणार.

इथे लाइफटाइमच मदतीला येतो. ट्रिप्लेट एस २६ नॅनोसेकंदांची, म्हणजे अर्ध्या मीटरहून लांब पसरलेली, ती तुमच्या काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात जवळपास सपाट दिसते. सिंग्लेट पी १ तर फॉइलच्या पृष्ठभागाजवळच संपते. मग उरलेला उतार पी २ चा. पण दोन गोष्टी बघा. पी २ मधले काही आयन थेट ग्राउंडला न येता ट्रिप्लेट एस मध्ये उतरतात, त्यामुळे ती सपाट रेघ सुरुवातीला थोडी चढते. ही चढ पी २ च्याच एक्स्पोनेन्शियलने होते, म्हणून तिने फक्त उंची बदलते, लाइफटाइम नाही. ट्रिप्लेट पी ० सुद्धा तसाच एस मध्ये उतरतो, पण त्याचा स्वतःचा काही नॅनोसेकंदांचा वेगळा लाइफटाइम आहे, तो मॉडेलमध्ये घालावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक. लिथियमसारख्या टायटॅनियमची, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त असलेल्याची, १एस२एस२पी क्वार्टेट पी ५/२ लेव्हल याच पीकखाली लपलेली असते आणि तिचा लाइफटाइमही शेकडो पिकोसेकंदांच्याच पट्टीत पडतो. दोन जवळचे एक्स्पोनेन्शियल फिटने वेगळे होतील अशी आशा धरू नका, काउंट्स कितीही असू देत. त्यापेक्षा बीमची ऊर्जा बदला. कमी ऊर्जेला लिथियमसारखे आयन जास्त, जास्त ऊर्जेला हेलियमसारखे. दोन ऊर्जांवर लाइफटाइम वेगळा आला तर ब्लेंड आहे हे पक्कं, आणि दोन्ही डेटा एकत्र, त्याच दोन लाइफटाइमनी फिट करता येतो, फक्त प्रमाणं वेगळी सोडायची. तीन दिवसांतला एक दिवस या दुसऱ्या ऊर्जेला द्या, तो दिवस वाया जात नाही.

आयसोटोपही लिहून ठेवा. ४८ चा न्यूक्लियर स्पिन शून्य आहे, ४७ आणि ४९ चा नाही, आणि स्पिन असला की हायपरफाइन मिक्सिंगमुळे निषिद्ध वाटा उघडतात आणि लाइफटाइम बदलतो.

कॅस्केड: वरून पडणारी भर

फॉइलमध्ये सगळ्याच लेव्हल भरतात, तुम्हाला हवी तेवढीच भरत नाही. वरची लेव्हल रिकामी होताना तुमच्या लेव्हलमध्ये भर घालते आणि तुमचा डिके हळू दिसतो. म्हणजे विहिरीतून पाणी उपसताय आणि झरा चालूच आहे, मग पातळी उतरायच्या वेगावरून पंप किती जोराचा ते कसं काढणार? झऱ्याचं पाणी आधी मोजावं लागतं.

त्याचा चांगला मार्ग कर्टिस, बेरी आणि ब्रोमँडर यांनी १९७१ ला दिला. मुख्य कॅस्केडची लाइन तुमच्या स्पेक्ट्रोमीटरवर दिसत असेल तर तिचाही डिके त्याच अंतरांवर मोजा. मग प्रत्येक अंतरावर एक साधं समीकरण लिहिता येतं: माझ्या लाइनचा उतार = उणे माझी तीव्रता भागिले लाइफटाइम, अधिक काही स्थिरांक गुणिले कॅस्केडची तीव्रता. दोन अज्ञात, आणि समीकरणं तुमच्याकडे पॉइंट असतील तेवढी. दोन लाइनमधली डिटेक्टरची सापेक्ष कार्यक्षमता माहीत नसली तरी चालते, ती त्या स्थिरांकात जाते, हेच या पद्धतीचं सौंदर्य. आणि वेगवेगळ्या भागांतून काढलेला लाइफटाइम एकच येत नसेल तर समजा एखादी कॅस्केड अजून सुटलीये.

कॅस्केडची लाइन दिसतच नसेल तर मग निदान बघा की सुरुवातीचे पॉइंट एकेक कमी करत फिट केल्यावर लाइफटाइम सरकतो का. सरकत असेल तर तो आकडा छापण्याआधी थांबा.

फिटबद्दल थोडक्यात. लॉग घेऊन सरळ रेघ मारू नका, लांबच्या पॉइंटला दहा-वीस काउंट्स असतात आणि तिथे लॉग एका बाजूला झुकवतो, बॅकग्राउंड वजा केल्यावर तर जास्तच. कच्च्या काउंट्सवर पॉइसन लाइकलिहूड (कमी काउंट्समधला चढउतार नीट धरणारी फिटची रीत) वापरा आणि बॅकग्राउंड मॉडेलमध्ये ठेवा. मोजणी किमान चार-पाच लाइफटाइम लांब न्या, कारण शेपटी दिसली नाही तर बॅकग्राउंड आणि लाइफटाइम एकमेकांची जागा घेतात.

मिलिसेकंद असेल तर ट्रॅप

ईबिटमध्ये आयन पळत नाही, तो जागेवर धरून ठेवायचा आणि घड्याळ खरोखरचं वापरायचं. सुपरकंडक्टिंग चुंबकाच्या क्षेत्रात दाबलेला इलेक्ट्रॉनचा बारीक बीम अणूंचे इलेक्ट्रॉन एकेक काढत जातो आणि लेव्हलही भरतो. मग बीम झटकन बंद करायचा, चुंबकीय क्षेत्र आणि दोन टोकांच्या इलेक्ट्रोडचे व्होल्टेज आयनना धरून ठेवतात, आणि अंधारात फोटोमल्टिप्लायर फोटॉन मोजत राहतो. बीम चालू, बंद, मोजा, परत चालू, असं लाखो वेळा, आणि प्रत्येक फोटॉनची वेळ बीम बंद झाल्यापासून नोंदवायची.

हिरव्या लाइनसाठी बीमची ऊर्जा कशी ठरवायची ते बघा. बारावरून तेरावर जायला साधारण ३६१ ईव्ही लागतात, तेरावरून चौदावर ३९२ ईव्ही. ऊर्जा ३९२ च्या खाली ठेवली तर चौदा इलेक्ट्रॉन गेलेले आयन तयारच होत नाहीत, आणि बीम बंद झाल्यावर ते उरलेल्या गॅसमधून इलेक्ट्रॉन ओढून तुमच्या लेव्हलला भर घालायचा प्रश्न मिटतो. पण सेट केलेलं व्होल्टेज म्हणजे ट्रॅपमधली ऊर्जा नव्हे, बीमचा स्वतःचा स्पेस चार्ज ती खाली खेचतो, म्हणून व्होल्टेज थोडं थोडं वाढवत लाइन कधी उगवते ते प्रत्यक्ष बघा.

मुख्य दुरुस्ती आयन गळतीची. आयन उरलेल्या गॅसशी चार्ज एक्सचेंज करून किंवा ट्रॅपमधून निसटून कमी होतात, आणि तुम्हाला दिसणारा रेट म्हणजे लेव्हलचा रेट अधिक गळतीचा रेट. त्यासाठी गॅसचा दाब मुद्दाम वाढवत चार-पाच ठिकाणी मोजा, रेट विरुद्ध दाब काढा आणि रेघ शून्य दाबाला न्या. ट्रॅपची खोलीही बदलून बघा, कारण निसटणारे आयन दाबाच्या रेघेत पकडले जात नाहीत. आणि फोटोमल्टिप्लायर थंड ठेवा, अंधारातले काउंट्स इथे खऱ्या सिग्नलएवढे होऊ शकतात.

एवढं नीट केलं की काय हाती येतं ते हायडेलबर्गच्या ट्रॅपने दाखवलंय. तेरा इलेक्ट्रॉन गेलेल्या आर्गॉनच्या ४४१ नॅनोमीटरच्या लाइनला २००५ मध्ये ९.५७३ मिलिसेकंद, तेही ०.१ टक्क्याच्या आतल्या एररने, आणि २००७ मध्ये लोखंडाच्या हिरव्या लाइनला १६.७२६ मिलिसेकंद.  इलेक्ट्रॉनच्या विसंगत चुंबकीय मोमेंटचं करेक्शन थिअरीत घातलं की रेट जवळपास अर्धा टक्का वाढतो, आणि मग मोजलेले दोन्ही लाइफटाइम थिअरीपेक्षा किंचित लांब पडतात. मला हा फरक फार ओढतो, कारण इथे मोजमाप आणि थिअरी दोन्ही इतके स्वच्छ आहेत की कुणाकडे काय सुटलंय हे शोधण्यासारखं आहे.

रिंगबद्दल दोनच ओळी, कारण तिथे बीमटाइम मिळवणंच वेगळं काम आहे. हायडेलबर्गच्या ५५ मीटर घेराच्या टीएसआर रिंगमध्ये दोन इलेक्ट्रॉन गेलेला कार्बन फिरवत त्याच्या १९०९ अँगस्ट्रॉमच्या लाइनचा रेट १९९७ मध्ये दर सेकंदाला १०२.९४ असा आला, एरर ०.१४. तिथेही गळतीची दुरुस्ती तीच, फक्त ट्रॅपऐवजी फिरणाऱ्या बीमचा लाइफटाइम काढायचा.

लिहायला बसाल तेव्हा

एरर एकत्र मिसळून एकच आकडा देऊ नका. काउंट्सची वेगळी, वेगाची वेगळी, कॅस्केडची वेगळी, आणि कॅस्केडची जर फक्त एकाच बाजूला असेल तर तशीच एकतर्फी लिहा. लोखंडाच्या त्या १६.७२६ ला वर ०.०२० आणि खाली ०.०१० अशी एरर दिलीये, ती अशीच असमान. फॉइलची जाडी रनच्या आधी आणि नंतर, किती पॉइंट काढून टाकले आणि का, कुठला आयसोटोप, बीमची ऊर्जा फॉइलच्या आधीची की नंतरची, एवढं पेपरमध्ये असू द्या. दहा वर्षांनी थिअरीवाला कुणी नवा आकडा घेऊन आला तर त्याला तुमचा डेटा परत उघडून बघता आला पाहिजे, आणि त्यासाठी कच्चे काउंट्स, अंतरांसकट आणि ज्या क्रमाने घेतले त्या क्रमाने, जपून ठेवा.